चार ऋतूंचा अभ्यासक्रम, दोन वाऱ्यांचा किनारा

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इयर वनच्या, म्हणजे पाच ते सहा वर्षांच्या मुलांच्या विज्ञानात ऋतूंचं एक छोटं प्रकरण आहे. चारही ऋतूंमध्ये काय बदलतं ते मुलांनी पाहायचं, हवेची नोंद ठेवायची आणि दिवस लहानमोठा कसा होतो हे बोलून दाखवायचं. लंडनमध्ये जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधारून येतं, त्यामुळे तिथल्या मुलाला हे अंगणातच कळतं. केनियाच्या किनाऱ्यावरचं मोंबासा विषुववृत्ताच्या दक्षिणेला चार अंशांवर आहे. तिथल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम अर्ध्या तासाचा फरक असतो. वसंत, उन्हाळा, पानगळ, हिवाळा यांतलं एकही नाव तिथल्या आकाशाला लागू पडत नाही. तरी सप्टेंबरात शाळा उघडली की वर्गाच्या भिंतीवर तपकिरी-नारिंगी कागदी पानं चिकटवण्याचा मोह बऱ्याच शिक्षकांना होतो, कारण इंग्लंडहून आलेल्या तक्त्यात तेच छापलेलं असतं.

केनियाच्या किनाऱ्यावर ब्रिटिश अभ्यासक्रमाची आंतरराष्ट्रीय शाळा चालवणं म्हणजे रोज हे जुळवून घेणं. या शाळांमध्ये बदलता येण्याजोग्या आणि मुळीच न बदलता येणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. खालच्या वर्गांत जवळजवळ सगळं बदलता येतं. अभ्यासक्रम उद्दिष्ट सांगतो, उदाहरण शिक्षकाने निवडायचं असतं. दहाव्या-अकराव्या इयरला, म्हणजे चौदा ते सोळा वर्षांच्या वयात पोचल्यावर मात्र केंब्रिज या ब्रिटिश परीक्षा मंडळाचा सिलॅबस आणि परीक्षेचे नियम अक्षरशः पाळावे लागतात. चांगली शाळा खाली मोकळी असते आणि वर काटेकोर. जी शाळा खाली इंग्लंडची पानं चिकटवते आणि वर प्रयोगशाळेत सैल पडते, तिथे मुलांचं दोन्हीकडून नुकसान होतं.

हा अभ्यासक्रम या किनाऱ्यावर टिकला कसा, हे आधी थोडक्यात. वसाहतीच्या काळात केनियात युरोपीय, आशियाई, अरब आणि आफ्रिकी मुलांच्या शाळा वेगवेगळ्या होत्या. मोंबासातलं अलिदिना विश्राम हायस्कूल हे कच्छहून आलेल्या एका व्यापाऱ्याच्या नावाचं, आशियाई मुलांसाठी उभं राहिलेलं. १९६३ साली स्वातंत्र्य आलं आणि वंशानुसार वाटलेल्या शाळा एकत्र झाल्या, पण सात वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक आणि त्यापुढे विद्यापीठप्रवेशासाठीची दोन वर्षं ए लेव्हल ही ब्रिटिश वळणाची रचना तशीच राहिली. १९८५ साली केनियाने ८-४-४, म्हणजे आठ वर्षं प्राथमिक, चार माध्यमिक आणि चार विद्यापीठ, ही नवी रचना आणली आणि राष्ट्रीय शाळांमधून ए लेव्हलची दोन वर्षं गेली. ज्या घरांना मुलं इंग्लंडच्या विद्यापीठांत पाठवायची होती, ती घरं खासगी शाळांकडे वळली. १९८८ साली आयजीसीएसई या सोळाव्या वर्षाच्या आसपास द्यायच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या पहिल्या परीक्षा झाल्या आणि या शाळांना हातात धरायला एक पक्की दोरी मिळाली. पुढे २०१७पासून केनियाने क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आणायला सुरुवात केली, २०२३मध्ये प्राथमिकच्या शेवटची जुनी केसीपीई परीक्षा शेवटची झाली. एका पिढीत दोनदा राष्ट्रीय रचना बदलल्यावर पालकांना केंब्रिजचं वेळापत्रक स्थिर वाटणं साहजिक आहे. आज न्याली, बांबुरी, शांझू, मत्वापा या उत्तरेकडच्या पट्ट्यात अशा शाळा दिसतात आणि एकाच वर्गात स्वाहिली, कच्छी, गुजराती, सोमाली, अरबी आणि इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं असतात.

आता पुन्हा ऋतूंकडे, कारण इथे शिक्षकाला खरोखर समृद्ध सामग्री हाताशी आहे. या किनाऱ्याला चार ऋतू नसले तरी दोन वारे आहेत. साधारण डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून येणारा कास्काझी आणि एप्रिलपासून ऑक्टोबरच्या आसपासपर्यंत दक्षिण-आग्नेयेकडून येणारा कुसी. पावसाळेही दोन: एप्रिल ते जूनचा मोठा मसिका, ज्यात मे महिना सर्वांत ओला, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा छोटा वुली. कास्काझीवर अरबस्तानाची आणि हिंदुस्थानची गलबतं शतकानुशतकं इथे आली आणि कुसीवर परत गेली. हाच कुसी विषुववृत्त ओलांडून वळतो आणि जूनच्या सुरुवातीला नैऋत्य मोसमी वारा म्हणून कोकणात उतरतो. इयर वनच्या मुलाला हे सगळं सांगायची गरज नाही. त्याला अंगणात एक काठी, तिच्या टोकाला हलकी फीत आणि जमिनीवर खडूने काढलेल्या चार दिशा पुरतात. रोज सकाळी साडेसातला फीत कुठे उडते ते पाहायचं आणि तक्त्यावर बाण काढायचा. मार्चअखेर ते एप्रिल या काळात बाण उलटू लागतात. मधले दोनतीन आठवडे वारा कुठलाच धड नसतो, मुलं गोंधळतात, आणि तो गोंधळ तक्त्यावर तसाच राहू द्यावा. तीच खरी नोंद आहे.

पावसाचं मोजमापही तसंच. दीड लिटरची प्लास्टिकची बाटली वरून एक तृतीयांशावर कापायची, वरचा भाग उलटा करून गाळणीसारखा आत बसवायचा, तळाशी खडे टाकून तळाचा खोलगटपणा भरायचा आणि खड्यांच्या वर येईपर्यंत पाणी ओतून तिथे शून्याची रेघ मारायची. इथपर्यंत सगळे करतात. चुकतं ते पुढे. बाटली पन्हाळीखाली किंवा माडाखाली ठेवली की आकडा फसवा येतो. कंबरेशी बारीक असलेली बाटली घेतली तर मिलिमीटरची पट्टी निरर्थक ठरते, म्हणून सरळ भिंतीची बाटली शोधावी. शनिवार-रविवार कुणी पाहिलं नाही तर सोमवारचं पाणी तीन दिवसांचं असतं, आणि त्यातलं थोडं उन्हाने उडालेलं असतं. तीन दिवस एकत्र असं तक्त्यावर लिहिणं ही पाच वर्षांच्या मुलाला मिळालेली विज्ञानातली पहिली शिस्त होय.

आणि पानगळ हवीच असेल तर मोंबासात गोरखचिंच आहे. मामा न्गिना ड्राइव्हवर समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ती अवाढव्य झाडं कोरड्या महिन्यांत पानं टाकतात आणि पावसाबरोबर पुन्हा भरतात. शाळेच्या आवारात जंगली बदाम तर हमखास असतो, त्याची पानं गळण्याआधी लालभडक होतात. एक झाड ठरवायचं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याच जागी बसून त्याचं चित्र काढायचं. दहा चित्रं शेजारी शेजारी लावली की ऋतुबदलाचा धडा पूर्ण होतो. अभ्यासक्रमातल्या उद्दिष्टाचा शब्दही मोडत नाही.

सावलीचा धडा याहून मोलाचा. इंग्लंडच्या पुस्तकात मध्यान्हीची सावली कायम उत्तरेला पडते, कारण तिथे सूर्य कायम दक्षिणेकडे. मोंबासात साधारण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सूर्य मध्यान्हीला उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेला पडते, उरलेले महिने उलटं. बदलाच्या त्या दोन दिवसांच्या आसपास काठीची सावली तिच्या पायाशी गोळा होते. पुण्या-मुंबईच्या वाचकांना मे महिन्यातला शून्य सावलीचा दिवस ठाऊक असतो, पण तो आपल्याकडच्या शाळांच्या सुट्टीत येतो. मोंबासात हे दोन्ही दिवस शाळा चालू असताना येतात, ही शिक्षकाला मिळालेली देणगी आहे. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची आणि साडेअकरापासून सव्वा वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची. घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली असं धरलं तर प्रयोग फसतो. केनियाचं घड्याळ ४५ अंश रेखावृत्तावर चालतं आणि मोंबासा ४० अंशांच्या किंचित अलीकडे आहे, म्हणून सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजून वीस मिनिटांच्या आगेमागे. हे न सांगता पुस्तकातली आकृती फळ्यावर काढणारा शिक्षक मुलाला स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकवतो, आणि हा दोष मला फार गंभीर वाटतो.

वाचन शिकवण्याची पद्धत मात्र बदलू नये, तिच्यातले अडथळे तेवढे ओळखावेत. इंग्रजी अक्षरांचे आवाज एस, ए, टी, पी, आय, एन या क्रमाने घेतात, कारण या सहांतूनच पुष्कळ छोटे शब्द बनतात. इंग्लंडमध्ये इयर वनच्या शेवटी ४० शब्दांची चाचणी होते, त्यांतले २० शब्द निरर्थक असतात, म्हणजे मूल पाठांतराने वाचतंय की आवाज जुळवून, ते कळतं. स्वाहिलीत स्वर पाचच, इंग्रजीत वीसच्या आसपास, त्यामुळे स्वाहिली घरातल्या मुलाला बॅट आणि बट एकच ऐकू येतात. शिवाय स्वाहिलीतलं अक्षर बहुधा स्वरावर संपतं, म्हणून मूल शब्दाच्या शेवटी एक स्वर आपसूक जोडतं. मराठी घरातल्या मुलाचा ॲ पक्का असतो, पण व्ही आणि डब्ल्यू यांत त्याची गल्लत होते. एकाच वर्गातली मुलं अशी वेगवेगळ्या कारणांनी चुकतात. चुकीच्या शब्दासमोर नुसती फुली न मारता मुलाने काय उच्चारलं ते लिहून ठेवलं, तर दोन आठवड्यांत कोणाला कशाचा सराव हवा ते दिसतं.

इतिहासात सात ते अकरा वयोगटाला रोमन, अँग्लो-सॅक्सन आणि व्हायकिंग हे सगळे शिकायचेच असतात. त्यासोबत युरोपाबाहेरचा एक समाज निवडायचा असतो, आणि अभ्यासक्रमाने सुचवलेल्या तिघांत आफ्रिकेतला बेनिन आहे. पण बेनिन खंडाच्या पार दुसऱ्या टोकाला. याच अभ्यासक्रमात स्थानिक इतिहासाचा अभ्यासही अनिवार्य आहे आणि तिथे मोंबासाला कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. फोर्ट जीझस १५९३ ते १५९६ या काळात बांधला गेला. त्याचा आराखडा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती या इटालियन स्थापत्यकाराचा. तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा मुख्य वास्तुविशारद होता आणि मोंबासाचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. १६९६ ते १६९८ ओमानी सैन्याने किल्ल्याला वेढा घातला आणि तो घेतला. २०११मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. मुलांना तिथे नेऊन नुसतं फिरवून आणू नये. प्रत्येक गटाला एक बुरूज द्यावा, पावलांनी लांबी मोजायला लावावी, भिंतीत प्रवाळाचा दगड कुठे दिसतो ते शोधायला लावावं आणि या कोपऱ्यातून तोफ कुठवर पाहू शकते हे कागदावर आखायला लावावं. उत्तरेला मालिंदीच्या अलीकडे गेदीचे अवशेष आहेत, तिथे चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. व्यापार या शब्दाचा अर्थ तिथे वेगळा समजावावा लागत नाही.

गणितातला पौंड-पेन्सचा भाग शिलिंगांत बदलतात. ते ठीक आहे, पण एक गोष्ट निसटते. पेन्समुळे इंग्लंडच्या मुलाला दशांशाची दोन स्थानं बाजारात भेटतात, केनियात व्यवहार पूर्ण शिलिंगांत होतो. दशांशासाठी मग मीटर-सेंटिमीटर घ्यावेत, ओढूनताणून सेंट घेऊ नयेत.

आता वरचे वर्ग. इथे हवामान हा अभ्यासाचा विषय राहत नाही, तो शत्रू होतो.

आयजीसीएसईच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी तीन पेपर असतात. ४० बहुपर्यायी प्रश्नांचा ४५ मिनिटांचा, ८० गुणांचा लेखी सव्वा तासाचा, आणि तिसरा प्रयोगांचा. तिसऱ्यात शाळेला निवड असते: पेपर ५ म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग, सव्वा तास, पेपर ६ म्हणजे प्रयोगाविषयीची लेखी परीक्षा, एक तास. दोन्हींना ४० गुण. बऱ्याच शाळा पेपर ६ घेतात कारण त्याला साहित्य लागत नाही. तो गैर नाही, पण त्याच्या आडोशाने दोन वर्षं प्रयोगशाळा बंद ठेवली तर मुलं ब्युरेटवरचा, म्हणजे द्रव थेंबथेंब सोडणाऱ्या मापनळीवरचा, शून्य वर की खाली हेही पुस्तकावरूनच शिकतात आणि पुढे अडतात. ए लेव्हलला अशी सूट नाही. तिथे प्रत्यक्ष प्रयोगाचा पेपर द्यावाच लागतो.

पेपर ५ घेणाऱ्या शाळेला केंब्रिजकडून गोपनीय सूचना आधी येतात: कोणती द्रावणं, किती तीव्रतेची, प्रत्येक मुलामागे किती घनसेंटिमीटर, कोणती उपकरणं. शिक्षकाने तोच प्रयोग त्याच साहित्याने करून स्वतःचे आकडे उत्तरपत्रिकांबरोबर पाठवायचे असतात, म्हणजे तपासनीसाला मुलाचा आकडा त्या आकड्याशी ताडता येतो. या आकड्यांवर किनाऱ्याचा दमटपणा थेट परिणाम करतो. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतात. अर्धी वापरलेली बाटली सहा महिने कपाटात राहिली की ४ ग्रॅम तोललेल्यात खरा हायड्रॉक्साइड कमी भरतो, द्रावण फिकं निघतं आणि टायट्रेशनचा, म्हणजे आम्ल-अल्कली मोजून मिसळत तीव्रता काढण्याचा, आकडा सगळ्या वर्गाचा एकाच बाजूला सरकतो. उपाय साधा आहे: छोट्या बाटल्या घ्याव्यात, उघडलेल्या बाटलीतून परीक्षेचं द्रावण करू नये आणि केलेलं द्रावण ज्ञात आम्लाने तपासून घ्यावं. हायड्रोजन पेरॉक्साइड उष्णतेने आपोआप विघटित होतो, तो फ्रिजमध्ये ठेवावा आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यातून किती ऑक्सिजन निघतो ते मोजून पाहावं. फेरस सल्फेटचं हिरवट द्रावण एका दिवसात तपकिरी पडतं, म्हणून सकाळी ताजं करावं आणि त्यात थोडं विरल सल्फ्युरिक आम्ल घालावं. चुन्याची निवळी बूच सैल राहिलं की गढूळते. स्टार्चचं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरू नये. अमोनियाच्या बाटलीतून वायू उडून जाऊन ती विरल होते. कोरडा कॉपर सल्फेट पांढरा हवा असतो, पण झाकण उघडं राहिलं तर तो हवेनेच निळा होतो आणि पाण्याची चाचणी पाण्याआधीच उत्तर देते. मॅग्नेशियमची फीत वापरण्याआधी बारीक पॉलिश पेपरने घासावी.

वेगाच्या प्रयोगात थायोसल्फेट आणि आम्ल मिसळल्यावर कागदावरची फुली दिसेनाशी व्हायला लागणारा वेळ मोजतात. पुस्तकातले आकडे थंड देशातल्या प्रयोगशाळेचे. मोंबासात खोलीचं तापमान ३० अंशांच्या आसपास, अभिक्रिया झपाट्याने होते आणि स्टॉपवॉच दाबेपर्यंत फुली गेलेली असते. थायोसल्फेट आणखी विरल घ्यावं, आणि सल्फर डायऑक्साइडसाठी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. पाणी थंड होण्याच्या प्रयोगात आलेख अपेक्षेपेक्षा लवकर सपाट होतो, कारण पाणी ३०च्या खाली जाणारच नाही. मुलं खोलीचं तापमान ३० वाचतात, पुस्तकात २० पाहतात आणि खोडून २० लिहितात. प्रामाणिक आकडा खोडणारं मूल हे शिकवण्यातल्या दोषाचं चिन्ह आहे. स्थिर विद्युतेचे प्रयोग तर जून महिन्यात जवळजवळ होतच नाहीत, दमट हवेत घासलेल्या दांड्यावर प्रभार टिकत नाही. ते जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या सकाळी, दांडे आणि कापड आधी उन्हात तापवून घ्यावेत. वेळापत्रक लिहितानाच धड्यांचा क्रम असा बदलता येतो आणि त्याला केंब्रिजची हरकत नसते.

जीवशास्त्रात पानातल्या स्टार्चच्या चाचणीसाठी पुस्तक पेलार्गोनियम सांगतं; तिथे जास्वंद चांगली चालते, कुंडी ४८ तास अंधारात ठेवून मग घ्यावी. पान स्पिरिटमध्ये उकळताना ज्योत विझवून गरम पाण्याचाच वापर करावा. मायक्रोस्कोपच्या भिंगांवर बुरशी धरते आणि एकदा काचेवर कोरली गेली की जात नाही. बंद कपाटात सिलिका जेल ठेवावं आणि त्याचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास काही तास वाळवून परत ठेवावं. शाळा निवडताना माहितीपत्रक पाहण्याऐवजी या कपाटाचं दार उघडून पाहावं, असं मी सुचवेन.

परीक्षेचा हंगाम मे-जूनचा, म्हणजे नेमका मसिकाचा. बाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत किमान १.२५ मीटर अंतर, दर ३० मुलांमागे एक पर्यवेक्षक, सर्वांना दिसेल असं घड्याळ, प्रश्नपत्रिकांचं पाकीट मुलांसमोरच उघडायचं, हे नियम जगभर सारखेच. मोंबासात त्यांत स्थानिक खबरदारी मिसळावी लागते. फ्रेंच किंवा अरबीच्या ऐकण्याच्या परीक्षेला पत्र्याच्या छपराची खोली घेऊ नये, सर कोसळली की ध्वनिफीत बुडते. काँक्रीटच्या छताची खोली राखून ठेवावी आणि स्पीकर बॅटरीवर चालणारा असावा, कारण वीज गेल्यावर जनरेटर पकडेपर्यंतच्या सेकंदांत प्रश्न निघून जातो. पंखे मंद ठेवावेत. बहुपर्यायी उत्तरांचे कागद यंत्राने वाचले जातात, ते दमटपणाने मऊ पडू नयेत म्हणून परीक्षेच्या क्षणापर्यंत बंद पाकिटात आणि नंतर सपाट ठेवावेत. घामाने शिसाची खूण पसरते, तेव्हा प्रत्येकाकडे हातरुमाल असावा.

वेळेचा प्रश्न अधिक कठीण. केंब्रिज प्रत्येक देशासाठी एक की टाइम ठरवतं, त्या क्षणी प्रत्येक परीक्षार्थी एकतर परीक्षेत बसलेला किंवा शाळेच्या पूर्ण देखरेखीखाली असायलाच हवा, म्हणजे पेपर फुटत नाही. मोंबासा हे बेट आहे. दक्षिण किनाऱ्याची मुलं लिकोनीच्या फेरीने खाडी ओलांडतात, उत्तरेची न्याली पुलावरून येतात, आणि सकाळी दोन्ही ठिकाणी गर्दी. डोंगो कुंडू बायपासने दक्षिणेकडच्यांना दुसरा रस्ता दिला आहे, तरी दियानीकडच्या कुटुंबांनी सकाळच्या पेपरआधीची रात्र बेटावर किंवा उत्तरेकडे नातलगाकडे काढावी हे उत्तम. ड्रायव्हरला वेळ सांगतानाही जपावं. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं, सकाळचे सात म्हणजे पहिला तास. आठला या असा निरोप आठव्या तासाचा, म्हणजे दुपारी दोनचा समजला जाऊ शकतो. चिठ्ठीवर दोन्ही वेळा लिहाव्यात.

२०१८ आणि २०१९ साली रमजान मे-जूनमध्ये, ऐन परीक्षांत आला होता. मुस्लिम मुलं मोठ्या संख्येने असलेल्या शाळेने अशा वर्षी सराव परीक्षाही त्याच वेळांना घ्याव्यात, दुपारच्या पेपरआधी पडून राहता येईल अशी गार खोली द्यावी, आणि शुक्रवारच्या वेळापत्रकात जुम्मासाठी दुपारची मोकळीक कायमची ठेवावी.

भूगोलाचं क्षेत्रकार्य मात्र या किनाऱ्यासारखं कुठे होत नाही. प्रवाळ, खारफुटी, पुळण हे सगळे सिलॅबसमधले विषय शाळेपासून अर्ध्या तासावर. मोंबासात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला मोठी ओहोटी सकाळी दहाच्या आसपास लागते. मुंबईत त्याच तिथींना दुपारी बारा-एकला भरती असते, तेव्हा तिकडची सवय घेऊन आलेल्याने भरती-ओहोटीचं कोष्टक नव्याने पाहावं. साडेआठला पुळणीवर पोचायचं, ओहोटीच्या आधीचा दीड तास आणि नंतरचा एक तास एवढाच कामाचा. दोन उभ्या काठ्या, ३० मीटरची फीत, उतार मोजायला क्लिनोमीटर; पाण्याच्या कडेपासून वर जाताना उतार बदलेल तिथे तिथे काठी रोवायची. मुलं सारख्या अंतरावर काठ्या रोवतात आणि उताराचा मोड मधेच हरवतो, ही नेहमीची चूक. जाड तळव्याचे बंद बूट हवेत, सागरी साळींचे काटे चपलेतून आरपार जातात. आणि परत फिरण्याची वेळ निघण्याआधीच ठरवून मोठ्याने सांगावी, कारण रीफकडे, म्हणजे प्रवाळाच्या रांगेकडे चाललेल्या मुलांच्या पाठीमागून पाणी खळग्यांत आधी भरतं.

बंदर, बँक, सिमेंट, पोलाद, हॉटेल अशा नोकऱ्यांवर मोंबासात येणारी मराठी कुटुंबंही या शाळांच्या दाराशी येतात, आणि त्यांची पहिली अडचण इयत्तेची. भारतातल्या इयत्तेत एक मिळवला की साधारण ब्रिटिश इयर मिळतं: आठवी म्हणजे इयर नाइन, दहावी म्हणजे इयर इलेव्हन. इयर टेन आणि इलेव्हन मिळून आयजीसीएसईची दोन वर्षं आहेत, त्यामुळे नववीच्या सुरुवातीला येणं चांगलं, दहावीत येणं फार अवघड. तसं यावं लागलं तर मुलाला इयर टेनमध्ये बसवावं, एक वर्ष मागे जाण्याची लाज धरू नये. शाळेला विचारावं की सिलॅबस कोणत्या वर्षांसाठीचा शिकवला जातो, कारण केंब्रिज विषयांचे सिलॅबस काही वर्षांनी बदलतं आणि जुन्या पुस्तकावर नव्या पेपरची तयारी होत नाही. करारावर आलेला शिक्षक मधेच गेला तर कोणते धडे झाले याची लेखी नोंद वर्गात राहते का, हेही विचारावं. इंग्रजी प्रथम भाषा घेणार की द्वितीय, हे शाळेने मुलाचं लेखन पाहून ठरवावं. हिंदी आयजीसीएसईला द्वितीय भाषा म्हणून घेता येते, मराठी घरीच सांभाळावी लागते.

भारतात परतायचं असेल तर हिशोब आधी मांडावा. जून मालिकेचे, म्हणजे मे-जूनमधल्या परीक्षांचे निकाल ऑगस्टमध्ये लागतात, तोवर आपल्याकडे अकरावीचे वर्ग सुरू झालेले असतात किंवा प्रवेशफेऱ्या पुढे गेलेल्या असतात. नोव्हेंबर मालिकेचा निकाल जानेवारीत येतो, पण त्यासाठी तयारीचे सहा महिने कमी मिळतात, म्हणून तो मार्ग अभ्यासात पुढे असलेल्या मुलानेच घ्यावा. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचं समकक्षता प्रमाणपत्र मागितलं जातं, त्याच्या विषयसंख्येच्या आणि श्रेणीच्या अटी विषय निवडण्याआधीच वाचाव्यात. ए लेव्हलला मुलं तीन विषय घेऊन समाधानाने राहतात. वैद्यकीयचा विचार असेल तर त्या तिघांत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवेच, इंग्रजीची अटही वेगळी तपासावी. अभियांत्रिकीसाठी गणित आणि भौतिक सोडता येत नाही. हे इयर ट्वेल्व्हच्या पहिल्या आठवड्यात ठरतं. विषय बदलायला साधारण महिन्याभराची मुदत असते, त्यानंतर मागचं भरून काढणं कठीण जातं.